झोपलेल्या नातीचा मेंदू पाहू द्यावा का?

साताऱ्याहून एका निवृत्त शिक्षिकेने पाठवलेले पत्र बरेच मोठे आहे. त्यातील मुख्य भाग असा:

“माझी मुलगी आणि जावई गेली काही वर्षे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात राहतात. थोरल्या नातवाला तिसऱ्या वर्षी स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदान झाले. आता तो पाच वर्षांचा आहे. तीन महिन्यांपूर्वी त्याला बहीण झाली. ज्यांच्या थोरल्या भावंडाला स्वमग्नता आहे अशा बाळांच्या मेंदूचा अभ्यास तिथल्या एका विद्यापीठात चालतो आणि नातीला त्यात घेण्याविषयी मुलीला विचारणा झाली आहे. बाळ झोपेत असताना सहाव्या, बाराव्या आणि चोविसाव्या महिन्यात एमआरआय काढणार आहेत. मुलगी म्हणते, ‘आई, निदान आधीच कळेल तरी.’ जावई काहीच बोलत नाहीत. मला मात्र एवढ्याशा जिवाला त्या यंत्रात घालायचे म्हटले की पोटात गोळा येतो. बाळाला त्याचा अपाय होतो का? खरेच आधी कळते का? मी मुलीला अडवावे का? थोड्याच दिवसांत मी तिकडे जाणार आहे, तर स्कॅनच्या वेळी मला बाळाजवळ बसू देतील का? मला तीन वर्षांपूर्वी पेसमेकर बसवला आहे.”

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. मुलीला अडवू नका, हे आधी सांगते, म्हणजे पुढचे तुम्ही शांतपणे वाचाल. परंतु ‘आधीच कळेल तरी’ हे तिचे वाक्य मात्र तसेच सोडून देऊ नका. अभ्यासात भाग घ्यावा की नाही यापेक्षा ती कोणत्या अपेक्षेने भाग घेणार आहे, हा मला अधिक महत्त्वाचा प्रश्न वाटतो आणि तुम्ही तिच्याशी बोलणार असाल तर त्याच्याविषयीच बोलावे असे माझे म्हणणे आहे.

तुमच्या भीतीविषयी प्रथम बोलू. एमआरआय यंत्रात क्ष-किरण नसतात. एक बलवान चुंबक आणि रेडिओ लहरी यांच्या साहाय्याने शरीरातील पाण्याच्या रेणूंकडून मिळणारे संकेत टिपले जातात आणि त्यांवरून चित्र तयार होते. सीटी स्कॅनमध्ये किरणोत्सर्ग असतो, म्हणून केवळ संशोधनासाठी निरोगी बाळाचा सीटी कोणी काढत नाही. एमआरआयचे तसे नाही. त्यातला खरा त्रास आवाजाचा असतो. यंत्र चालू झाले की 100 डेसिबलच्या घरातला ठकठकाट होतो आणि कान झाकले नाहीत तर तो बाळालाच काय, मोठ्यांनाही सोसवत नाही. म्हणून बाळाच्या कानात मऊ मेणासारखा लगदा बसवून त्यावर गादीची झापडे लावतात. दुसरी गोष्ट भुलीची. आजारी बाळाचा स्कॅन उपचारासाठी अटळ असेल तेव्हा डॉक्टर कधी कधी भूल देतात, परंतु निरोगी बाळांच्या संशोधनात भूल दिली जात नाही. बाळाला पाजून, गुंडाळून, त्याच्या नैसर्गिक झोपेतच स्कॅन काढतात. मुलीने हे एकदा स्पष्ट विचारून घ्यावे. शिरेतून औषध देऊन चित्र अधिक ठळक करण्याची पद्धत उपचारात वापरतात, तीही या अभ्यासात नाही ना, हेही विचारावे. दोन्हींपैकी एकाचेही उत्तर ‘आहे’ असे आले, तर मात्र माझा सल्ला बदलेल.

असा एक स्कॅन मी फार जवळून पाहिला आहे. आपल्याकडच्या एका रुग्णालयात चार महिन्यांच्या मुलाचा भुलीशिवाय स्कॅन होणार होता. आईने त्याला बाहेरच्या खोलीत पाजले, खांद्यावर घेऊन ढेकर काढला आणि दोन दुपट्यांत हात आत घेऊन घट्ट गुंडाळले. तंत्रज्ञ मुलीने त्याआधी त्याच्या कमरेभोवती बोट फिरवले, तेव्हा झबल्याखाली करगोटा सापडला आणि त्यात चांदीचे एक इवलेसे घुंगरू होते. आई म्हणाली, “ते राहू द्या, सासूबाईंनी बांधलंय.” त्या मुलीने घाई केली नाही, करगोटा सोडून आईच्याच रुमालात गाठ मारून ठेवला आणि मग ओल्या कापसाने बाळाचे काजळ पुसले. यंत्र सुरू झाले तेव्हा बाळाच्या भुवया वर गेल्या, ओठांनी दोनदा चोखल्यासारखे केले आणि ते पुन्हा झोपले. चित्रे पुरी होईपर्यंत ते हलले नाही. बाहेर आणले तेव्हा ओठाच्या कोपऱ्यात दूध सुकले होते.

हे सांगण्यात हेतू आहे. वाळे, बिंदल्या, कानातल्या सोन्याच्या तारा, करगोटा, ताईत, धातूची टिचबटणे असलेले कपडे हे सगळे स्कॅनच्या दिवशी घरीच राहिले पाहिजे. शुद्ध सोने-चांदी चुंबकाकडे ओढली जात नाही, परंतु रेडिओ लहरींमुळे ती तापू शकते आणि चित्र बिघडते. ताइतात आणखी कोणता धातू आहे हे तर आपल्याला ठाऊकच नसते. काजळ आणि तीट यांचेही तसेच, कारण त्यांत कधी धातूचे कण असतात. परदेशातल्या तंत्रज्ञाला करगोटा म्हणजे काय हे माहीत असेलच असे नाही आणि प्रश्नावलीत तो शब्द नसणार. ही जबाबदारी तुम्ही घ्या. या कामात आजीची नजर सर्वांत तीक्ष्ण असते.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, म्हणजे खरेच आधी कळते का? त्याचे उत्तर लांब आहे.

बाळाचा मेंदू वाढतो कसा, हे फार वर्षे केवळ मृत बाळांच्या मेंदूंवरूनच शिकावे लागे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील लाइपझिग येथे पाउल फ्लेक्सिग यांनी मेंदूतील तंतूंवर मायलिनचे, म्हणजे त्यांना वेढणाऱ्या स्निग्ध आवरणाचे, थर कोणत्या क्रमाने चढतात याचा अभ्यास केला तो असाच. जिवंत, निरोगी, झोपलेल्या बाळाचा मेंदू पुन्हा पुन्हा पाहता येणे ही एमआरआयने दिलेली देणगी आहे आणि त्यातून जे दिसले ते थक्क करणारे आहे. चॅपल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील गटाने 2008 साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांनुसार पहिल्या वर्षात मेंदूचे एकूण आकारमान 101 टक्क्यांनी, म्हणजे दुपटीहून किंचित अधिक वाढते, तर दुसऱ्या वर्षात ही वाढ केवळ 15 टक्के असते. जन्मतः बाळाचा मेंदू प्रौढाच्या मेंदूच्या सुमारे एक तृतीयांश असतो आणि दोन वर्षांचा होईतो तो सुमारे चार पंचमांशापर्यंत पोहोचतो. तुम्ही नातीच्या टाळूवर तेल घालताना बोटाखाली जी धडधड लागते, तिथे कवटीची हाडे अजून जुळलेली नसतात, ती या वाढीला जागा मिळावी म्हणूनच. नवजात बाळाच्या मेंदूची सोनोग्राफीही त्याच टाळूवाटे करतात.

यात एक अडचण अशी आहे की सहा महिन्यांच्या सुमारास मेंदूचा करडा भाग (मुख्यतः पेशींचा) आणि पांढरा भाग (तंतूंचा) चित्रात जवळपास एकाच छटेचे दिसतात. नवजात बाळात त्यांची छटा मोठ्यांच्या उलट असते, मायलिन चढत जाते तशी ती पालटते आणि पालटण्याच्या मधल्या काही महिन्यांत दोन्ही भागांची सीमा जणू पुसली जाते. संगणकाला ती सीमा शोधायला शिकवण्यात संशोधकांची कित्येक वर्षे गेली आहेत. तुमच्या नातीचा पहिला स्कॅन नेमका या धूसर काळात होणार आहे, म्हणून ‘चित्र काढले की दिसले’ इतके हे सोपे नाही.

स्वमग्नतेच्या संदर्भात ज्या अभ्यासाविषयी तुमच्या मुलीने बहुधा वाचले असेल, तो 2017 साली ‘नेचर’ या विज्ञानविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चॅपल हिल, सिएटल, सेंट लुइस आणि फिलाडेल्फिया या चार ठिकाणी चाललेल्या ‘इन्फंट ब्रेन इमेजिंग स्टडी’ या प्रकल्पातून तो आला. थोरल्या भावंडाला स्वमग्नता असलेली 106 बाळे आणि तशी पार्श्वभूमी नसलेली 42 बाळे यांचे सहा, बारा आणि चोवीस महिन्यांना स्कॅन झाले. ज्यांना पुढे दोन वर्षांचे असताना स्वमग्नतेचे निदान झाले, त्यांच्या मेंदूच्या बाह्य आवरणाचे क्षेत्रफळ सहा ते बारा महिन्यांच्या दरम्यान इतरांपेक्षा अधिक वेगाने वाढलेले आढळले. या मोजमापांवर शिकवलेल्या संगणकीय पद्धतीने पुढे निदान होणाऱ्या बाळांपैकी 88 टक्के बाळे ओळखली आणि तिने ‘होईल’ म्हटलेल्या बाळांपैकी 81 टक्के बाळांबाबत ते खरे ठरले.

आकडे वाचून कोणत्याही आईला वाटेल की, झाले, वर्षाच्या आतच कळते. पण थोडे थांबून पाहा. पाचांतल्या एका बाळाबाबत ‘होईल’ हे उत्तर चुकले. त्या एका घरातल्या आईबापांनी, हे त्यांना सांगितले गेले असते तर, पुढचे वर्ष कसे काढले असते? ही पद्धत ज्या बाळांवर घडवली गेली त्याच गटातल्या बाळांवर ती पडताळली गेली होती. वेगळ्या यंत्रांवरील, वेगळ्या शहरांतील, अगदी नव्या बाळांवर ती तितकीच टिकते का हे तपासल्याखेरीज तिला तपासणी म्हणता येत नाही. शिवाय हे सारे अशा घरांपुरते आहे जिथे एक मूल आधीच स्वमग्न आहे आणि जिथे दुसऱ्या बाळाबाबत ही शक्यता सुमारे पाचांत एक असते. सर्वसाधारण 1,000 बाळे घेतली आणि त्यांतली 20 पुढे स्वमग्न ठरणार आहेत असे धरले, तर हीच पद्धत त्यांपैकी 17-18 ओळखेल खरी, पण त्यांच्यासोबत जवळपास 50 निरोगी बाळांवरही बोट ठेवील, कारण निदान न होणाऱ्या दर शंभर बाळांपैकी सुमारे पाचांबाबत ती चुकते. माझ्याकडे अलीकडे ‘खासगी केंद्रात बाळाचा मेंदू तपासून घेऊ का’ अशी पत्रे येतात. त्या वाचकांनी हा हिशेब लक्षात ठेवावा आणि बालरोगतज्ज्ञाने कारण सांगितल्याखेरीज तसा स्कॅन करून घेऊ नये.

म्हणून ताई, मुलीला इतके सांगा की हा स्कॅन तिच्या लेकीविषयीचे उत्तर देण्यासाठी काढलेला नाही. शंभर बाळांची सरासरी एकीकडे झुकते हे त्यातून कळते, मात्र त्यांतले हे एक बाळ कुठे जाणार हे त्या सरासरीत लिहिलेले नसते. असे अभ्यास बहुधा मेंदूच्या मोजमापांवरून काढलेला वैयक्तिक अंदाज पालकांना सांगतच नाहीत आणि तेच योग्य आहे. मेंदूची रचना आणि वर्तन यांतले दुवे इतके नाजूक असतात की ते भरवशाने शोधायला हजारो माणसांचे स्कॅन लागतात, हे 2022 साली ‘नेचर’मधल्या एका मोठ्या विश्लेषणाने दाखवून दिले आहे. याच गरजेतून अमेरिकेत आता सुमारे 7,000 कुटुंबांना गरोदरपणापासून सोबत घेऊन चालणारा अभ्यास उभा राहिला आहे. तुमची नात अशा अभ्यासात गेली तर तिचा स्कॅन ही तिच्याहून कितीतरी पुढे जन्माला येणाऱ्या मुलांसाठी दिलेली मदत असेल. या भावनेने तुमची मुलगी ‘हो’ म्हणत असेल तर मला आनंदच आहे. मनातली धाकधूक शमवण्यासाठी म्हणत असेल, तर ती शमणार नाही, उलट प्रत्येक स्कॅननंतर वाढेल.

अशा अभ्यासात आपली बाळे असावीत असे मला वाटण्याचे आणखी एक कारण आहे. बाळांच्या मेंदूविषयी आपल्याला जे ठाऊक आहे त्याचा फार मोठा भाग अमेरिका आणि युरोपातल्या बाळांवरून आलेला आहे. भारतात उत्तर प्रदेशातील शिवगढ येथे चार महिने ते चार वर्षांच्या मुलांच्या मेंदूचा अभ्यास झाला, तो एमआरआयने नव्हे, तर प्रकाशाच्या साहाय्याने. डोक्यावर मऊ टोपी घालून तिच्यातून अवरक्ताजवळचा प्रकाश सोडतात आणि परतणाऱ्या प्रकाशावरून मेंदूच्या वरच्या थरात प्राणवायूयुक्त रक्त कुठे वाढले ते कळते. बाळाची कवटी पातळ असते म्हणून हे जमते आणि बाळ मांडीवर, जागे असतानाही जमते. आईचे शिक्षण आणि घरचे उत्पन्न कमी असलेल्या मुलांमध्ये दृश्य स्मृतीशी निगडित मेंदूचा प्रतिसाद क्षीण आढळल्याचे या गटाने 2019 मध्ये मांडले. या पद्धतीला दाट काळ्या केसांतून प्रकाश आत पोहोचवताना मात्र अडचण येते. जावळ काढलेले डोके तिला किती सोयीचे, हे वाचताना तुमच्या लक्षात आले असेलच.

संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी मुलीने एक गोष्ट मात्र खोदून विचारली पाहिजे: स्कॅनमध्ये अनपेक्षित काही दिसले तर कोण पाहणार, कोण सांगणार आणि पुढचा खर्च कोणाचा? हा प्रश्न काल्पनिक नाही. चॅपल हिलमध्येच 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नैसर्गिक प्रसूतीने जन्मलेल्या आणि कोणताही त्रास नसलेल्या 65 नवजातांपैकी 17 जणांच्या डोक्यात लहानसा रक्तस्राव दिसला, तर सिझेरियनने जन्मलेल्या 23 जणांपैकी एकातही नाही. जन्माच्या वेळचे असे बारीक रक्तस्राव बहुतेकदा आपोआप विरून जातात, परंतु हे ठाऊक नसलेल्या आईच्या कानावर ‘मेंदूत रक्त’ हे शब्द पडले तर तिची काय अवस्था होईल? तुमच्या नातीचा स्कॅन सहाव्या महिन्यात आहे, त्यामुळे नेमके हेच दिसण्याची शक्यता कमी. तरी चित्रे पाहणारा तज्ज्ञ आणि समजावून सांगणारी व्यक्ती कोण, हे आधी कळलेले बरे. स्कॅनची माहिती नावाशिवाय इतर संशोधकांना दिली जाते का आणि मधेच अभ्यास सोडायचा झाला तर तिचे काय होते, हेही विचारावे. अभ्यास कोणत्याही क्षणी, कारण न सांगता सोडण्याचा हक्क पालकांना असतो.

आणि जावयांचे मौन. संमतीपत्र दोघांनी मिळून वाचावे, एवढेच मी म्हणेन. न बोलणाऱ्या माणसाच्या मनात बहुधा प्रश्न असतात आणि अभ्यासाचे लोक प्रश्नांची उत्तरे द्यायलाच बसलेले असतात.

मुलीला खरोखर ‘आधी’ काही कळून घ्यायचे असेल तर त्याची वाट स्कॅनमधून जात नाही. या अभ्यासांत चित्रांबरोबर बाळाच्या खेळण्याची, बघण्याची, हावभावांची तपासणीही अनुभवी मानसशास्त्रज्ञ करतात. तिचा निष्कर्ष पालकांना सांगितला जातो का, हे विचारा. माझ्या मते सहभागी कुटुंबाच्या पदरात प्रत्यक्ष काही पडत असेल तर ते हेच. घरीही पाहता येते. पदराआडून ‘भॉक’ केल्यावर ती तुमच्या चेहऱ्याकडे पाहून हसते का, नऊ-दहा महिन्यांची झाल्यावर नाव घेतल्यावर वळते का, वर्षाच्या सुमारास टाटा करते का, आणि दीड वर्षाच्या आत चिऊकडे बोट दाखवून, मग वळून ‘तूही पाहिलेस ना’ अशा नजरेने तुमच्याकडे पाहते का. यातली शेवटची नजर मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एखादी गोष्ट उशिरा आली म्हणून घाबरू नका. मात्र दोन-तीन गोष्टी येत नसतील किंवा आलेल्या गोष्टी मावळत असतील, तर थांबू नका. अमेरिकेत तीन वर्षांखालील मुलांसाठी प्रत्येक राज्यात शीघ्र हस्तक्षेपाची, म्हणजे वाढीतील अडचणी लवकर ओळखून मदत देण्याची, सार्वजनिक योजना आहे. तिच्यासाठी निदानाची चिठ्ठी लागत नाही, पालक स्वतः फोन करू शकतात, तपासणी विनामूल्य असते आणि विनंती पोहोचल्यापासून 45 दिवसांत तपासणी आणि पालकांसोबतची पहिली बैठक व्हावी असा नियम आहे. महाराष्ट्रातल्या वाचकांनी जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करावी.

तुमच्या पत्रात न लिहिलेली एक गोष्ट मला ओळींच्या मधून जाणवली. थोरल्याचे निदान तिसऱ्या वर्षी झाले, म्हणजे तुमच्या मुलीला ‘मला आधी का कळले नाही’ हे आजही टोचत असणार. ‘आधीच कळेल तरी’ हे वाक्य तिथून आले आहे. तिला सांगा की अनेक मुलांचे निदान तिसऱ्या वर्षानंतरच होते आणि तिच्या नजरेत खोट नव्हती. हे तिला माझ्यासारखीने सांगण्यापेक्षा तुम्ही सांगितलेले अधिक पटेल.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. पालकांपैकी एकाला, तपासणी करून, बहुधा बाळाजवळ बसू देतात. परंतु पेसमेकर असलेल्या व्यक्तीने त्या खोलीत जायचे नसते, कारण स्कॅन चालू नसतानाही चुंबक चालूच असतो. काही नवे पेसमेकर एमआरआयला चालतात, तरी केवळ सोबत म्हणून आत जाण्याचा धोका पत्करू नका आणि दारातच ‘मला पेसमेकर आहे’ हे स्वतःहून सांगा, कोणी विचारण्याची वाट पाहू नका. म्हणजे नातीला आत निजवण्याचे काम मुलीला किंवा जावयांना करावे लागेल. तुम्ही गेलात की आठवडाभर आधीपासून तेच दुपटे, तीच गुंडाळण्याची पद्धत आणि झोपेची तीच वेळ ठेवा. बऱ्याच ठिकाणी यंत्राच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण घरी देतात. मुलीने ते मागून घ्यावे आणि बाळ गाढ झोपले की अगदी हळू लावून दर रात्री थोडे थोडे मोठे करावे. पहिल्या खेपेला ती जागी झाली आणि स्कॅन झाला नाही, तरी वाईट वाटून घेऊ नका. असे अनेकदा होते आणि ते पुन्हा वेळ देतात.